बदामाची नव्वी

कवळीवाल्यांच्या कामाच्या खोलीत पाय टाकला की नवखा माणूस आधी दचकायचा आणि मग त्याला हसू फुटायचं. समोरच्या तीन फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, वरचे वेगळे, खालचे वेगळे, आणि सगळे आपले आ वासून दाराकडे बघतायत. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं खूण, कुणाचा कोणता ते कळावं म्हणून. एकदा ती खूण करायची राहिली आणि दोन सख्ख्या भावांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. तीन आठवडे थोरला म्हणत होता, जेवणाला चव लागत नाही. धाकटा म्हणत होता, बोलताना मला थोरल्याचाच आवाज ऐकू येतो. शेवटी कवळीवाले स्वतः त्यांच्या घरी गेले, दोघांना समोरासमोर बसवलं, चूक माझीच म्हणून सांगितलं आणि ज्याची त्याच्या तोंडात बसवून परतले. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा.

या म्हणण्याची कवळीवाल्यांना सवय होऊन गेली होती. हात हलका, बोलणं मऊ, आणि दिलेली तारीख कधी चुकायची नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत आपल्याला कुणी खोटारडा म्हणेल असा विचारही त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आणि म्हणालंही कुणी नाही, हीच तर पुढची सगळी अडचण.

बुधवारी दुपारी औषधवाल्यांचं दुकान बंद असायचं. दुकानामागच्या खोलीत खोकल्याच्या बाटल्यांची खोकी भिंतीला सरकवायची, मध्ये घडीचं टेबल उघडायचं आणि चौघांनी ब्रिज खेळायला बसायचं, असा अकरा वर्षांचा शिरस्ता. एक खुद्द औषधवाले, जाडजूड, खेळात अर्धं लक्ष आणि फोनमध्ये अर्धं. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर, हसायला लागले की टेबल हलायचं. तिसरे आपले कवळीवाले. आणि चौथ्या बाई.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. तिघेही त्यांच्याच हाताखालून गेलेले, त्यामुळे तिघांनाही त्या अरेतुरे करायच्या आणि तिघेही त्यांच्यासमोर पाय खाली सोडून नीट बसायचे. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहायच्या, बाजारहाट स्वतः करायच्या. पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या डोक्यात राहायचं. कुणी म्हणालं, "बाई, मागच्या महिन्यात असाच डाव आला होता," तर त्या शांतपणे म्हणायच्या, "असाच नव्हता. तेव्हा किलवरचा गुलाम तुझ्याकडे होता, आणि तू तो फुकट घालवलास." पोस्टमास्तर म्हणायचे, आमच्या बाईंच्या डोक्यात कोनाडे आहेत, एकेका कोनाड्यात एकेक बुधवार ठेवलाय.

आता या चौघांनी एक गंमत लावून घेतली होती. तेराव्या म्हणजे शेवटच्या फेरीचा हात ज्यानं चौकटच्या सत्तीनं जिंकला, त्याला त्याच्या जोडीदारानं थंड सोडा पाजायचा. अट दोनच: बोललेला डाव पुरा झालेला असला पाहिजे आणि हुकूम चौकटचा नसला पाहिजे. जोडीदारानं उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणायची, स्वतः फोडायची, वाकून हातात द्यायची, आणि जिंकणाऱ्यानं ती उभ्यानं, एका दमात, सगळ्यांदेखत संपवायची. मग औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं एक रेघ. बाईंच्या नावापुढे सात रेघा होत्या. औषधवाल्यांच्या पुढे तीन, पोस्टमास्तरांच्या पुढे दोन. कवळीवाल्यांच्या पुढे एकही नाही.

सत्ती म्हणजे काय मोठं पान का? मधलं, बिनकामाचं. ते शेवटपर्यंत राखायचं, आणि शेवटी त्याच्यावर चढणारं कुणाकडे काही उरू नये, असा योग जुळावा लागतो. कवळीवाल्यांचा जुळायचाच नाही. औषधवाले दर बुधवारी विचारायचे, "काय कवळीवाले, आज तरी घसा ओला होणार का?" पोस्टमास्तर म्हणायचे, "जाऊ द्या हो, सोड्यानं दात शिवशिवतात म्हणून ते टाळतायत." कवळीवाले हसण्यावारी न्यायचे. घरी मात्र बायकोजवळ एकदा बोलून गेले, "अकरा वर्षं झाली गं." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढंच असेल तर मी आणते बाटली. वाकून देते सुद्धा."

तर त्या बुधवारी पोस्टमास्तर कवळीवाल्यांचे जोडीदार होते. कवळीवाल्यांनी बिनहुकमी तीनची बोली केली, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे. जोडीदाराची पानं ब्रिजमध्ये टेबलावर उघडी पसरतात आणि बोली करणाराच तीही खेळतो, त्यामुळे पोस्टमास्तर मोकळे होते. ते उठून खिडकीपाशी गेले. नवव्या फेरीलाच नऊ हात पुरे झाले, दहावा बाईंनी घेतला. औषधवाल्यांचं लक्ष उडालं, त्यांनी एका हातानं पानं टाकायची आणि दुसऱ्या हातानं फोन चाळायचा असं सुरू केलं.

अकराव्या फेरीला कवळीवाल्यांच्या हातात तीन पानं होती: किलवरचा एक्का, बदामाची छक्की आणि चौकटची सत्ती.

बाईंनी चौकटची नव्वी टाकली.

नियम सरळ आहे. खेळलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यावं लागतं. सत्ती द्यायची, नव्वीखाली ती मरणार, डाव तर जिंकलेलाच, विषय संपला. कवळीवाल्यांची बोटं सत्तीवर गेली देखील. आणि तिथून ती एक पान सरकली. विचार असा काही केलाच नाही त्यांनी. दाताला पॉलिश करताना हात जसा आपोआप पुढच्या दातावर जातो तसा तो हात गेला आणि बदामाची छक्की टेबलावर पडली. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वासभर. मग तो हात गोळा केला आणि उरलेलं किलवरचं पान खेळल्या. कवळीवाल्यांनी एक्क्यानं ते घेतलं, आणि शेवटची सत्ती टेबलावर मांडली. चौकट कुणाकडेच उरली नव्हती.

"सत्ती," कवळीवाले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

पोस्टमास्तर खिडकीपासून धावत आले. "झाली? अहो झाली की हो. अकरा वर्षांनी बाळंत झाले आमचे कवळीवाले." आणि आनंदाच्या भरात त्यांनी टेबलावरची सगळी पानं दोन्ही हातांनी ढवळून टाकली.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "मी चौकटची नव्वी खेळले, तेव्हा यानं बदाम टाकला. सत्ती होती तर बदाम कसा टाकला?"

इथं एकच वाक्य बोलायचं होतं. विसरलो बाई, चुकून राहिली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. चार दिवस चिडवून लोक विसरले असते. पण पोस्टमास्तर बाटली आणायला चप्पल घालत होते, औषधवाले कपाट उघडून पेन्सिल शोधत होते, आणि कवळीवाले म्हणाले, "चौकट नव्हती बाई. बदामाची नव्वी होती ती. म्हणून मी बदाम दिला."

"बदामाची?"

"दोन्ही लालच की," औषधवाले पेन्सिल शोधता शोधता म्हणाले. त्यांनी पान पाहिलंच नव्हतं. "चष्मा बदला बाई आता."

बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू पान अजून तिथेच आहे. मग हळूच म्हणाल्या, "असेल."

पोस्टमास्तरांनी बाटली आणली, फोडली, वाकून दिली. कवळीवाल्यांनी ती उभ्यानं, एका दमात संपवली. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले. बाईही हसल्या, जरा उशिरानं.

पुढच्या बुधवारी बाईंनी दोनदा विचारलं, "हुकूम कोणता?" असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एक पान टाकायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्या बुधवारी त्या आल्याच नाहीत. औषधवाले म्हणाले, "परवा दुकानात आल्या होत्या. आवाज खाली करून विचारत होत्या, स्मरणशक्तीचं काही औषध असतं का रे. मला आधी हसूच आलं." मग त्यांनी पानं पिसली आणि पिसतच राहिले. तिघांत ब्रिज होत नाही. चहा पिऊन सगळे उठले.

कवळीवाले घरी आले ते थेट कामाच्या खोलीत गेले. करायचं काही नव्हतं. फळीवरचे जबडे आ वासून बघत होते. रोजचेच ते, पण त्या दिवशी ते त्यांना हसताना दिसले, आणि हातातली कानस त्यांनी मुकाट्यानं खाली ठेवली. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या एक कवळी घाईची निघाली. परवा बाई रस्त्यात लांबून दिसल्या, तेव्हा कवळीवाले कुलपांच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना एक कुलूप हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. चूक सांगायला त्यांना कधी जड गेलं नव्हतं. पण ही चूक नव्हती. चुकीला माणसं समजून घेतात. एका बाटलीभर सोड्यासाठी आपल्या म्हाताऱ्या शिक्षिकेला तिच्याच डोळ्यांदेखत खोटी पाडली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? जेवताना घास फिरायला लागला. बायको म्हणाली, "अहो, गावाच्या हिरड्या बघता, स्वतःच्या तपासा जरा." ते म्हणाले, भूक नाही.

पाचव्या आठवड्यात बाई आपण होऊन आल्या. हातात कापडी पिशवी, नेहमीसारख्या ताठ, पण दारात जरा थांबल्या, बरोबर घरी आलो ना याची खात्री करावी तशा.

"एक कवळी जास्तीची करून दे," त्या म्हणाल्या. "लेकीकडे चाललेय. तिकडं कोण करणार, कसं करणार, कळत नाही."

"किती दिवस, बाई?"

"दिवस कसले. कायमचीच." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "जावयानं खोली रिकामी केलीय. घर आवरायला घेतलंय मी. आता एकटं राहण्यात शहाणपणा नाही रे. परवा दूध ठेवलं आणि विसरले, भांडं काळं झालं. लेकीचा फोन नंबर हल्ली वहीत बघूनच लावते. आणि त्या दिवशी..." त्या थांबल्या. "घरी जाऊन मी तो डाव पुन्हा मांडला. माझ्या हिशेबानं बदामाची नव्वी पोस्टमास्तरच्या उघड्या पानांत होती, चौथ्या फेरीलाच गेली. मला ती दिसतेय, अजून दिसतेय. पण तुम्ही तिघं तिथं होतात. तिघं कसे चुकाल? म्हणजे मला जे नाही ते दिसायला लागलंय. दुधाचं एक वेळ ठीक आहे. हे बरं लक्षण नाही."

कवळीवाल्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "बसा बाई, साचा घेऊ."

बाईंनी कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. गाल आत गेले, चेहरा एकदम लहान झाला. कवळीवाल्यांनी साच्याचा गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि हलक्या हातानं त्यांच्या वरच्या हिरड्यांवर दाबून धरला. हा लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा. कवळीवाल्यांची दोन बोटं बाईंच्या तोंडात होती आणि बाईंचे डोळे त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. आणि बाई आता काही बोलू शकत नाहीत हे ध्यानात आल्यावरच, हेही सांगायलाच हवं, त्यांना धीर आला.

"बाई, ती चौकटचीच नव्वी होती."

बाईंची पापणी हलली नाही.

"सत्ती माझ्या हातात होती. मी दिली नाही. राखली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. पोस्टमास्तर खिडकीत होते, औषधवाल्यांनी बघितलंच नव्हतं. ते माझ्या बोलण्यावर हो म्हणाले. तुमचं काही चुकलं नव्हतं. एकही पान चुकलं नव्हतं."

घड्याळाचा काटा त्यांना दिसत होता. अजून दोन मिनिटं. आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं आणि बोटं बाहेर काढता येत नव्हती. बाईंच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग पाणी आलं, ते कानशिलावरून केसांत गेलं, आणि त्याच्यामागून जे आलं ते पाहिल्यावर कवळीवाल्यांना सहावीच्या वर्गातला शेवटचा बाक आठवला. अशी दोन मिनिटं त्यांनी आयुष्यात काढली नव्हती. फळीवरचे जबडे परवडले.

साचा निघाला. कवळीवाले तो हातात धरून उभे राहिले. बाई उठल्या, चूळ भरली, वाटीतली कवळी घेतली, धुतली, वर बसवली, खाली बसवली, दोनदा चावून बघितली. बिनदातांनी बोलण्यातल्या त्या नव्हत्या.

"पानं आहेत घरात?"

पानं आली. बाईंनी ती कामाच्या टेबलावर चार ढिगांत वाटली, पिसून नाही, एकेक बघून, पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या बुधवारी ज्याच्याकडे जी होती ती. चार जबडे फळीवरून काढून चार बाजूंना ठेवले, कोण कुठं बसलं होतं ते कळावं म्हणून. मग पहिल्या फेरीपासून खेळायला लागल्या. कवळीवाल्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिला ओ की ठो कळलं नाही, पण ती हलली नाही. चौथ्या फेरीला पोस्टमास्तरांच्या जबड्यासमोरून बदामाची नव्वी गेली. अकराव्या फेरीला बाईंनी चौकटची नव्वी टाकली आणि पान न सोडता त्या थांबल्या.

"दे."

कवळीवाल्यांनी आपल्या ढिगातून सत्ती उचलली आणि नव्वीवर ठेवली.

"हं," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "मग दूध?"

"अहो बाई, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा उतू जातं," बायको दारातून म्हणाली. "यांची वाट बघता बघता. मला कुठं कोण लेकीकडे पाठवतंय."

बाई हसल्या नाहीत. "मला राग दुधाचा नाही आला," त्या कवळीवाल्यांना म्हणाल्या. "पान लपवलंस त्याचाही नाही. मुलं लपवतात. मी विचारलं तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघून बोललास. आणि मी पाच आठवडे स्वतःवर विश्वास ठेवला नाही, तुझ्यावर ठेवला." मग उठल्या. "फोन कुठाय? लेकीला तू सांगायचंस. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई मनाची समजूत घालतेय."

नंबर त्यांनी वही न बघता फिरवला आणि फोन कवळीवाल्यांच्या हातात दिला. त्या लेकीला कवळीवाल्यांनी तिच्या लग्नानंतर पाहिलंही नव्हतं. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं: सत्ती म्हणजे काय, सोडा कशाचा, नव्वी कुठली. सांगता सांगता ते जितकं क्षुल्लक वाटायला लागलं तितकी त्यांची मान खाली गेली.

"म्हणजे आई बरोबर होती?" ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही महिनाभर गप्प बसलात. थंड सोडा पिऊन."

"हो, ताई."

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मी तिची खोली रंगवून घेतली हो. खिडकीशी कॉट लावली. मला वाटलं होतं, या निमित्तानं तरी येईल." आपण एका घरातून काय काय उचललंय याचा अंदाज आपल्यालाच नव्हता, एवढंच कवळीवाल्यांना कळलं. बाईंनी फोन काढून घेतला आणि त्या लेकीशी हळू आवाजात बोलायला लागल्या, तेव्हा ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

बाई गेल्या नाहीत. उन्हाळ्यात महिनाभर त्या खोलीत राहून येईन, असा लेकीला शब्द दिला. बुधवारी दोन वाजता त्या नेहमीच्या खुर्चीत होत्या. कवळीवाल्यांनी पोस्टमास्तरांना आणि औषधवाल्यांना उभ्यानंच सगळं सांगितलं. पोस्टमास्तर म्हणजे हसू न आवरणारा माणूस, पण ते हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. औषधवाले फोन उपडा ठेवून म्हणाले, "मीही बघितलं नव्हतं आणि हो म्हणालो, बाई." बाई म्हणाल्या, "तुला कधीच दिसत नाही, ते मी धरून चालते." कवळीवाल्यांनी कपाटाचं दार उघडून आपली रेघ खोडरबरानं पुसली. तिथं एक पांढुरका डाग राहिला, रेघेपेक्षा जास्त दिसणारा.

मग जोड्या ठरवायला पानं उचलली, आणि नेमकी बाईंशीच कवळीवाल्यांची जोडी लागली. आता ब्रिजच्या नियमात एक सवलत आहे. जोडीदारानं खेळलेल्या रंगाचं पान दिलं नाही, तर त्याला विचारता येतं, तुझ्याकडे या रंगाचं खरंच नाही का? चुकून राहिलं असेल तर लगेच सुधारता यावं म्हणून. इतक्या वर्षांत त्यांच्यात कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती.

तिसऱ्या फेरीला इस्पीक आलं. कवळीवाल्यांकडे इस्पीक नव्हतं, त्यांनी किलवर टाकलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. रागानं नाही, चेष्टेनं तर नाहीच.

"इस्पीक एकही नाही?"

कवळीवाल्यांना माहीत होतं की नाही. तरी त्यांनी पानं उघडली, एकेक करून पुन्हा सगळी पाहिली आणि म्हणाले, "नाही, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढचं पान खेळल्या.

त्याला आता चार वर्षं होतील. जोडी लागली की त्या आजही विचारतात, दर वेळी, तेवढ्याच शांतपणे. आणि कवळीवाले दर वेळी पानं उघडून पहिल्यापासून बघतात.